भिंत मातीची की सिमेंटची, ते आधी सांगा

वाचकांचे प्रश्न : घर आणि रंग

दसरा-दिवाळी तोंडावर आली की आमच्या दुकानात येणाऱ्या बहुतेकांचं म्हणणं एकच असतं: पैसे थोडे आहेत, पण घर उजळलं पाहिजे. आर्वीला आमचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे, गल्ल्यावर मी बसते. लग्नाआधी शाळेत चित्रकला शिकवत होते, त्यामुळे लोक रंग घ्यायला येतात तसे विचारायलाही येतात. या महिन्यातली पत्रंही त्याच प्रश्नाची आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या गावाकडच्या घराला रंग फार लागत नाही, पण तो नेमक्या जागी लागतो आणि भिंतीला मानवेल असा लागतो. डबा कितीही महाग आणा, भिंतीला तो चालत नसेल तर पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतात आणि माणसाचे कष्टाचे पैसे खाली पडतात. ते बघवत नाही, म्हणून आज जरा खोलात लिहिते आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

*

आम्हाला घरकुल मंजूर झालं आणि उन्हाळ्यात दोन खोल्या बांधून झाल्या. आतून नुसतं सिमेंटचं प्लास्टर आहे. एकच खिडकी असल्यामुळे बैठकीची खोली दिवसाही अंधारी वाटते. पुट्टीसकट रंगाचा जो खर्च पेंटरनं सांगितला, तो कापूस विकल्याशिवाय जमणार नाही. खोली दहा बाय दहाची आहे. दिवाळीपर्यंत काही करता येईल का? (पुसद तालुक्यातून एक ताई)

ताई, नक्की करता येईल. पुट्टी आत्ता विसरा. फक्त बैठकीची खोली धरा, दुसरीला पुढच्या वर्षी हात लावा.

आधी भिंत सुकली आहे का ते पाहा. पन्नीचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर भिंतीला चिकटवून ठेवा. सकाळी पन्नीच्या आतून पाण्याचे थेंब दिसले तर भिंतीत अजून ओल आहे, अशा भिंतीवर डिस्टेंपर लावू नका. कोरडी असेल तर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर घेऊन वरची सुटी रेती झाडून टाका.

आता पहिला थर. गावात कोणीही सांगेल, चुना मारा. मातीच्या भिंतीला चुन्यासारखं दुसरं काही नाही, पण गुळगुळीत सिमेंट प्लास्टरवर तो नुसता वर बसून राहतो, पाठ टेकली की कपड्याला लागतो. शिवाय उद्या तुम्हाला पुट्टी किंवा चांगला रंग द्यायचा झाला तर तो सगळा चुना खरवडून काढावा लागेल, त्याची मजुरी वेगळी. म्हणून तुम्ही पांढरं सिमेंट घ्या. पाण्यात ताकाइतकं पातळ कालवून जुन्या फडक्यातून गाळा. तासाभरात संपेल एवढंच कालवा, उरलेलं घट्ट होतं. लावायच्या आधी भिंतीवर पाणी मारून ती ओलसर करा, मग मोठ्या ब्रशनं आडवा एक हात आणि तो वाळला की उभा एक हात. दुसऱ्या दिवशी भिंतीवर हलकं पाणी शिंपडा. शेवटी सिमेंटच ते, पाणी मिळालं तरच धरतं. छतालाही हेच लावा. छत पांढरं झालं की खोलीतला निम्मा अंधार जातो, हे मी पैजेवर सांगते.

खिडकी एकच आहे म्हणालात, तर त्या खिडकीकडून जेवढं काढून घेता येईल तेवढं घेऊ. खिडकीत उभं राहून भिंतीच्या जाडीत बघा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि खाली-वर भिंतीची जी कड दिसते, ती बहुतेक घरांत राखाडीच राहून जाते. तिथे पांढरा चकचकीत ऑइलपेंट द्या. शंभर मिलीच्या डबीत काम होतं. ऊन त्या कडांवर आपटून आत वळतं, आणि खिडकी होती त्याहून मोठी वाटायला लागते.

आता रंगीत भिंत. रंगीत भिंत एकच करायची, आणि ती खिडकीच्या समोरची. खिडकी ज्या भिंतीत आहे ती रंगवून उपयोग नसतो, कारण उजेडाकडे तोंड करून बघताना तिच्यावर सावलीच दिसते. समोरच्या भिंतीवर उजेड पडतो, तोच रंग घेऊन सगळ्या खोलीत पसरतो. दहा बाय दहाची भिंत म्हणजे शंभर चौरस फूट, अॅक्रिलिक डिस्टेंपरचा दोन किलोंचा डबा दोन हातांना साधारण पुरतो. पिवळा घ्या, जरा कोमट वाटेल असा, लिंबाकडे झुकणारा नको. फिका केशरीही चालेल. निळा आणि गडद हिरवा दुकानाच्या कार्डावर फार देखणा दिसतो, अंधाऱ्या खोलीत तोच रंग उजेड गिळतो.

एक गोष्ट मात्र कराच. बाकीच्या तीन भिंतींना खाली तीन फुटांचा गडद पट्टा द्या. आपल्या घरात कापसाची चुंगडी, म्हणजे पोती, भिंतीला टेकतात, लहान पोरं ओले हात लावतात, बाज सरकते, तेव्हा पांढरी भिंत खालूनच आधी मळते. त्यासाठी त्याच डिस्टेंपरचा आणखी एक डबा आणा, त्यात लाल स्टेनरची, म्हणजे रंगात मिसळायच्या गडद पातळ रंगाची, छोटी बाटली घातली की गेरूच्या जवळचा रंग मिळतो. पट्टा सरळ येण्यासाठी सूत मारा: जाड दोरा गेरूच्या पाण्यात बुडवायचा, दोघांनी दोन कोपऱ्यांत तीन फुटांवर ताणून धरायचा, आणि तिसऱ्यानं मध्ये चिमटीत धरून ओढून सोडायचा. टण्णकन आवाज येतो आणि भिंतभर बारीक लाल रेघ उठते. रेघेच्या खाली ब्रश चालवा. पोरांना दोरा सोडायला द्या, ती त्या भिंतीला पुढे जपतात.

*

मी चुन्यात हळद घालून भिंतीला पिवळा रंग द्यायला गेले, तर चुना लालसर झाला. नंतर काही दिवसांनी तो रंगही उडाला. असं का झालं? (वरुड)

तुमच्या हातून कुंकू झालं, ताई. पूर्वी घरी कुंकू असंच करायचे, हळदीला चुना किंवा खार लावून. हळदीतलं पिवळं द्रव्य चुन्यासारख्या तीव्र क्षाराला भेटलं की लाल होतं. चुना हवेतला वायू घेत घेत वाळतो तसा त्याचा तो तीव्रपणा कमी होतो, म्हणून लालीही उतरते, आणि जी पिवळी छटा उरते ती उन्हानं जाते. हळदीचा रंग उन्हात टिकतच नाही, मग तो भिंतीवर असो की ओढणीवर.

चुन्यात फक्त मातीचे रंग घालायचे. पिवळ्यासाठी पिवडी, म्हणजे पिवळी माती, लालसाठी गेरू. दोघांनाही रंग लोहामुळे आलेला असतो आणि चुना त्याला काही करत नाही. निळ्यासाठी नीळ, पण पावडरची. कपड्यांसाठी बाटलीत मिळते ती पातळ निळी चुन्यात घालू नका, ती वेगळी वस्तू आहे.

रंग आधी वेगळ्या भांड्यात पाण्यात भिजवून गाळून घ्या आणि मग चुन्यात घाला. कोरडी पूड थेट टाकली तर भिंतीवर ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्यात गडद रेषा उमटतात. आणि बादलीत दिसतो त्या रंगावर विसंबू नका. ओला चुना गडद दिसतो, वाळला की पार फिका पडतो. दाराआड हातभर जागेवर लावून बघा, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर ठरवा. सगळ्या घरासाठी रंग एकाच वेळी कालवा, कारण तीच छटा दुसऱ्यांदा जमणं फार कठीण असतं.

*

बाई, माह्यं घर मातीचं हाय, कच्च्या इटांचं, वर कवेलू. सासूच्या वक्तापासून पांढऱ्या मातीनं पोतारतो अन् खाली गेरूचा पट्टा देतो. आता पोरगा म्हनते भितीले ऑइलपेंट मारून टाकू, वर्सावर्साची कटकट जाईन. सून म्हनते घर लय अंधारं दिसते, तिले रंग पायजे. मले दोघायचंबी मन मोडवत नाई. काय करू ते सांगजा. (दर्यापूर तालुका)

मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुनेचं ऐका, पोराला मात्र समजावून सांगा.

मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि कोरड्या दिवसांत ती बाहेर सोडते. तिचं आयुष्य त्याच्यावरच चालतं. ऑइलपेंटचा थर म्हणजे तिच्यावर चढवलेली पन्नी. पावसाळ्यात आत गेलेली ओल बाहेर निघत नाही, रंगाखाली फुगे येतात, आणि पोपडा निघतो तो मातीचा थर घेऊनच निघतो. मग पोराला रंगासाठी घातलेले पैसेही गेले आणि भिंत लिंपायची मजुरीही आली. माती, शेण आणि चुना या तीनच गोष्टी त्या भिंतीला श्वास घेऊ देतात.

दरवर्षीचा त्रास कमी करायचा असेल तर पांढऱ्या मातीवर चुन्याचे दोन-तीन पातळ हात द्या. आधी भेगा भरा: बारीक चाळलेली माती, शेण आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा, एकत्र करून रात्रभर मुरवायचं, सकाळी भेगेत पाणी शिंपडून दाबून बसवायचं. कुटार घातलं की वाळताना परत भेग जात नाही.

चुना कळीचा घ्या, पुडीतला नको. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग खडे सोडायचे, एकदम नाही. तो रटरट उकळतो, प्लास्टिकची बादली वितळवेल इतका तापतो. नातवंडांना त्या वेळी आंगणात येऊच देऊ नका. चुना डोळ्यात गेला तर दृष्टीच जाऊ शकते. उडालाच तर लगेच स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. विरलेला चुना दुसऱ्या दिवशी जुन्या धोतरातून गाळा. एका किलोला साधारण पाच लिटर पाणी होतं. दहा लिटर चुन्याला चाळीस ग्रॅम डिंक, बाभळीचा चालतो, गरम पाण्यात विरघळवून घाला, म्हणजे हाताला लागणार नाही. पांढरेपणा खुलायला किलोमागे चिमूटभर नीळ, तीन ग्रॅमच्या वर नको, नाहीतर भिंत निळसर दिसते. लावताना भिंत ओलसर हवी आणि थर पातळ हवा. जाड थर दिला की काम लवकर होतं असं वाटतं, पण तोच आधी सुटतो.

आता सुनेसाठी. तिला आधी उजेड द्या. कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, मध्ये बसवायला काचेचं कवेलू मिळतं, माजघरावर जिथे सकाळचं ऊन येतं तिथलं एक साधं कवेलू काढून ते बसवा. काचेचं मिळालं नाही तर पारदर्शक पत्र्याचा तुकडा मापाचा कापून घ्या. एवढ्या एका चौकोनानं घर वेगळं वाटतं, कुठलाही रंग ते करू शकत नाही. चुलीपासून दूरच्या खोलीत कवेलूंच्या खाली पांढऱ्या जुन्या धोतराचा चांदवा ताणून बांधला तर धूळ-कचराही पडणार नाही आणि वरचं काळं लाकूड दिसणार नाही. चुलीच्या खोलीत कापड अजिबात नको.

मग रंग. तुमच्या भिंतीत देवळ्या, म्हणजे कोनाडे, असतीलच. बाहेरची सगळी भिंत पांढरी ठेवा आणि फक्त देवळीच्या आत नीळ कालवलेल्या चुन्याचे दोन हात द्या. संध्याकाळी त्यात दिवा ठेवला की तो निळा असा काही खुलतो, की पाहुणा दारातूनच विचारतो कोणी केलं म्हणून. देवळीच्या कडेनं बोटभर गेरूची चौकट. गेरूतही डिंकाचं पाणी घाला, नाहीतर भाताची पेज, म्हणजे हाताला सुटत नाही. खालचा पट्टा सासूबाईंच्या वेळचा आहे तसाच ठेवा, तो फार शहाणपणाचा आहे.

आणि सुनेच्या हातात कला असेल तर तिला मातीचं उठावाचं काम करू द्या. सेवाग्रामला बापूकुटीत गेलात तर मातीच्या भिंतीवर ताडासारखी झाडं उठावात काढलेली दिसतील, गांधीजींच्या शिष्या मीराबेननी केलेली. रंगाचा एक थेंब नाही, तरी नजर हलत नाही. जागा मात्र दाराच्या बाजूची निवडा, जिथे उजेड आडवा येतो, कारण उठाव सावलीनंच दिसतो. भिंत भिजवायची, सुरीनं आडव्या-उभ्या खुणा ओढून खरखरीत करायची, शेण-कुटार घातलेल्या मातीची करंगळीएवढी जाड वळी करून त्यावर दाबायची आणि ओल्या बोटानं दोन्ही कडा भिंतीत मिसळवत जायचं. वेल, मोर, बैलजोडी, तिला जे आवडेल ते. वाळल्यावर वरून चुना. खर्च काही नाही, आणि पोरगा मग ऑइलपेंटचं नाव काढणार नाही.

*

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, धारणीला भाड्याच्या खोलीत राहते. घरमालक रंग लावू देत नाहीत, खिळाही नको म्हणतात. खोली फार उदास वाटते. इकडे पळस खूप आहे. पळसफुलांनी पडद्याचं कापड रंगवता येईल का?

येईल, पण फुलं होळीच्या सुमारास. मेळघाटात कोरकू मंडळींची होळी मोठी असते, तेव्हा रान केशरी झालेलं असतं. झाडाखाली पडलेली फुलं गोळा करा, तोडू नका. सावलीत वाळवली की पुढे बरेच महिने वापरता येतात.

तोवर आत्ताची खोली बघू. भिंतीला हात लावता येत नाही, तर कापडानं रंग आणा. वर्गात तुमच्याकडे दोरी असेलच. खिडकीच्या गजांना दोरी बांधून तिच्यावर जुनी सुती साडी दुमडून सोडा. साडीचा काठ जमिनीकडे येऊ द्या, रंगाचं वजन खाली राहिलं की पडदा नीट पडतो. सहावारी साडीत दोन खिडक्या होतात. पलंगावर आईच्या किंवा आजीच्या हातची वाकळ टाका. माझ्या लेखी वाकळीसारखी रंगाची शाळा नाही: शंभर तुकडे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, तरी एका टाक्यानं सगळे एकत्र नांदतात. वाकळ असेल तर बाकी सगळं साधं ठेवा. चादर, उशी, टेबलावरचं फडकं तिच्यातल्याच एखाद्या रंगाचं निवडा. वर्ध्याच्या मगन संग्रहालयाकडे नैसर्गिक रंगांत रंगवलेली खादी मिळते. कधी जाणं झालं तर उशीच्या खोळीपुरतं कापड घेऊन या.

पळसाचं काम असं करायचं. मांजरपाट आधी धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातली खळ काढा, नाहीतर रंग डागाडागानं चढतो. सुती कापड पळसाचा रंग सहज धरत नाही, म्हणून रात्रभर हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात भिजवून वाळवा, मग तुरटीच्या पाण्यात. एक किलो कापडाला दीडशे ते दोनशे ग्रॅम तुरटी पुरते, हिरडाही साधारण तेवढाच. मग कापडाच्या वजनाइतकी वाळलेली फुलं उकळून गाळा आणि त्या पाण्यात कापड मंद आचेवर सतत हलवत ठेवा. पिवळा ते केशरी रंग येतो. वाळवायचं सावलीत. एवढं मात्र लक्षात असू द्या, की पळसाचा पिवळा कडक उन्हात उतरतो. पश्चिमेच्या खिडकीला तो लावू नका. उशीच्या खोळी, पुस्तकांच्या फळीचा पडदा, अशा आतल्या जागांना वापरा आणि हे काम मुलांना घेऊन शाळेतच करा. तुरटी नसलेलं पाणी आणि असलेलं पाणी, दोन्हीत एकेक चिंधी बुडवून दाखवली की मुलांना रसायनशास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही.

*

पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या ऑइलपेंटच्या चार-पाच डब्या अर्धवट उरल्या आहेत. लाल, पिवळा, हिरवा, निळा. दरवर्षी त्या वाळून जातात. त्यांचं घरात काही होईल का? (राळेगाव, एक शेतकरी)

भाऊ, तेवढ्यात घर उजळतं. आज संध्याकाळीच झाकणं घट्ट ठोका आणि डब्या उलट्या ठेवा, म्हणजे साय वर न धरता तळाशी धरते.

ऑइलपेंट लाकडाला आणि लोखंडाला. दोन रंग निवडा, चारही एकत्र नको. सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, लाकडी खांबांना खालून हातभर उंचीपर्यंत निळा आणि त्यावर दोन बोटं पिवळी कड. किंवा कणगीचं झाकण, स्वयंपाकघरातले पाट, खिडकीचे गज. गजांना पिवळा फार शोभतो, बाहेरच्या हिरव्या रानावर तो उठून दिसतो. तुळशीच्या कुंडीला बाहेरून लाल. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा मात्र कुंडी म्हणून रंगवू नका, रंग कालवायलाही घेऊ नका. कितीही धुतला तरी तो घरात आणायची वस्तू नाही.

जुन्या दारावर नवा रंग द्यायचा असेल तर जरा थांबा. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ साली झाला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, विशेषतः झगझगीत पिवळ्या-लालमध्ये. कोरडा पॉलिश पेपर घासला की त्याची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या लेकरांच्या तोंडात जाते. वॉटर पेपर घ्या, पाणी मारत मारत घासा, निघालेला गाळ फडक्यानं पुसून कागदात गुंडाळून टाका. लेकरं आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्यांना त्या दिवशी दूर ठेवा. या बाबतीत मी कोणाचंही ऐकून घेत नाही, दुकानात आलेल्या प्रत्येकाला सांगते.

*

शेणापासूनचा रंग निघाला आहे म्हणतात. आमच्याकडे गाई आहेत, मग घरीच करता येईल का? (कारंजा)

तो रंग खादी ग्रामोद्योग आयोगाचा. १२ जानेवारी २०२१ ला नितीन गडकरींच्या हस्ते तो बाजारात आला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत. त्यात शेणावर प्रक्रिया करून इतर घटक मिसळतात, कारखान्याचं काम आहे, घरच्या बादलीत तो होणार नाही. लावायची पद्धत नेहमीच्या डिस्टेंपरसारखीच, आणि सिमेंटच्या भिंतीला तो चालतो. तुमच्या गाईच्या शेणाचा घरी सर्वांत चांगला उपयोग आंगणाच्या सारवणासाठी. सारवणात थोडा गेरू घालून सपरीच्या कडेनं पट्टा द्या आणि वर रांगोळी काढा. पांढरी रांगोळी लालसर सारवणावर जशी उमटते तशी फरशीवर उमटत नाही.

*

घराला बाहेरून मरून रंग द्यायचा आहे, शहरात हल्ली तसाच चालला आहे. घर पश्चिममुखी, वर स्लॅब. बायको नको म्हणते. तुमचं काय मत? (वरोरा)

दादा, वहिनींचं मत बरोबर आहे. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारचं सगळं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं. गडद रंग ते ऊन शोषून घेतो, भिंत रात्री उशिरापर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. शिवाय गडद लाल आपल्या उन्हात लवकर विटतो, दोन-तीन उन्हाळ्यांत भिंत पांढुरकी दिसायला लागते.

समोरची भिंत फिकी ठेवा: पांढरा, साय रंग किंवा अगदी हलका पिवळा. बाहेरचा रंग बाहेरचाच घ्या, आतला डिस्टेंपर पावसानं धुऊन जातो. स्लॅबवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात द्या, त्यात डिंकाऐवजी थोडं फेविकॉल चालेल. छत कमी तापतं, रात्री पंख्याखाली झोप लागते. पावसात तो चुना धुऊन जाईल, पुढच्या मार्चला परत द्यायचा, खर्च अगदी थोडा असतो.

मरून तुम्हाला मनापासून आवडत असेल तर तो सोडू नका. दाराची चौकट, खिडक्यांच्या झडपा, ओट्याची कड आणि उत्तरेकडची छोटी भिंत, एवढ्या जागी द्या. फिक्या भिंतीवर मरून चौकट रस्त्यावरून येणाऱ्याला लांबून दिसते. रंग देताना ब्रश सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर हातात घ्या. तापलेल्या भिंतीवर पाण्याचा रंग लगेच वाळतो, एकसारखा पसरत नाही आणि जोडाच्या रेषा दिसत राहतात. पश्चिमेची भिंत सकाळी करायची, पूर्वेची दुपारी चारनंतर.